जेवलात का? मग कॉम्प्युटर बघू

माझ्या बायकोचे मामा ज्या घरात गेले आणि तिथलं एकही यंत्र न उघडता परत आले, असं घर अख्ख्या मिशिगन राज्यात सापडायचं नाही. हे मी पैजेवर सांगतो. आम्ही नवराबायको २००१च्या डिसेंबरात पुण्याहून डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय गावी राहायला गेलो, तेव्हा आमच्या अपार्टमेंटमधला मायक्रोवेव्ह चांगला धडधाकट होता. मामा आम्हाला ‘सेटल करून द्यायला’ म्हणून आले, आणि हिने चहाचं आधण ठेवून कप काढेपर्यंतच्या वेळात त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याची पाठ उघडलीसुद्धा. “याचा आवाज मला काही बरोबर वाटून नाही राहिला,” ते म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही ते घर सोडेपर्यंत तो मायक्रोवेव्ह दारावर एक बुक्की मारल्याशिवाय चालू झाला नाही. मी एकदा धीर करून तक्रार केली, तर मामा शांतपणे म्हणाले, “बुक्की मारली की चालतो ना, जावईबापू? मग बिघडला कुठे?”

हे ‘जावईबापू’ प्रकरण आधी सांगायला हवं. मामा मूळचे नागपूरचे, आणि तिकडे जावयाचा मान मोठा. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा असलेल्या या माणसाने मला कधी एकेरी हाक मारली नाही. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण ते त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मी पानावर बसल्याशिवाय ते बसत नसत, मला गाडीपर्यंत पोचवायला भर थंडीत सदऱ्यावर बाहेर येत, आणि त्याच आदराने, अगदी त्याच सुरात म्हणत, “जावईबापू, जरा टेबलाखाली शिरता का?” मिशिगनमधल्या जितक्या टेबलांखाली मी सन्मानपूर्वक शिरलो आहे, तितका दुसरा कुठलाही जावई शिरला नसेल. घरात दाद मागायची सोय नव्हती. “माझा एकुलता एक मामा आहे इथे, त्याला नाही म्हणायचं नाही,” एवढं बोलून ही रविवारी सकाळी कूस बदलून परत झोपायची.

मामा सत्तरच्या दशकात डेट्रॉईटला आले आणि एका मोटार कंपनीत एकतीस वर्षं फक्त काचेवरचे वायपर करत राहिले. मोटारीत त्याखेरीजही बरंच काही असतं, असं त्यांच्या ऐकिवात होतं. पावसात त्यांच्या शेजारी बसून जायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. बाजूच्या गाडीचा वायपर करकरला की ते सिग्नलला काच खाली करत आणि हातवारे करून त्या ड्रायव्हरला ब्लेड बदलायला सांगत. अनोळखी माणसाने सिग्नलला काच खाली करून हातवारे केले की डेट्रॉईटमधला ड्रायव्हर लाल दिव्यातूनच पळ काढतो. “घाईत होता बिचारा,” म्हणून मामा काच वर करत. आम्ही आलो त्याच वर्षी कंपनीने त्यांना मुदतीआधी घरी बसवलं. मामी त्याच्या दोन वर्षं आधीच वारल्या होत्या, मुलगी लांब कॅलिफोर्नियात. आता मामा खचणार, असं तिथल्या मराठी मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं आणि काकूमंडळींनी डबे पोचवायच्या पाळ्याही लावल्या. पहिल्या पाळीच्या काकू गेल्या, तर मामांची गाडी बाहेर बर्फात आणि गॅरेजमध्ये कंपनीने फेकायला काढलेले चौदा कॉम्प्युटर. मामांनी काकूंच्या हातातला डबा घेतला, रिकाम्या झालेल्या हातात एक मॉनिटर दिला आणि म्हणाले, “जरा धरून ठेवा, मी खालची धूळ पुसतो.” दुसऱ्या पाळीला कोणी गेलं नाही.

त्यातले दोन कॉम्प्युटर कोणाच्या तरी उपयोगी पडावेत म्हणून मामा डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या एका सेवाकेंद्रात गेले. एका जुन्या शाळेच्या तळघरात ते चालायचं. लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया इथून लढायांनंतर निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना नागरिकत्वाचे अर्ज, नोकरीचे फॉर्म, सरकारी पत्रं यांत मदत करायची, म्हाताऱ्या माणसांना चार अक्षरं इंग्रजी आणि जमेल तितका कॉम्प्युटर शिकवायचा, असं तिथलं काम. ते चालवणारी केओ ही लाओ बाई चाळिशीची, चणीने एवढीशी, आणि हसता हसता समोरच्याला कामाला लावण्यात पटाईत. तिने ते दोन कॉम्प्युटर पाहिले, मामांकडे पाहिलं आणि विचारलं, “अँड हू विल फिक्स देम?” झालं, मामांचं आयुष्य मार्गी लागलं. महिनाभरात उरलेले बारा कॉम्प्युटरही तिथे गेले, पाठोपाठ मी गेलो, आणि केंद्रातले सगळेजण, केओपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यांपर्यंत, त्यांना मामा म्हणायला लागले.

तिथे पाय ठेवायचा तर आधी बूट काढायचे. असा काही नियम लावलेला नव्हता. त्या लोकांच्या घरी तीच पद्धत, आपल्याही घरी तीच, म्हणून पहिल्या दिवशी मामांनी कोणी न सांगता बूट काढले आणि तिथेच ते निम्मे पास झाले. मोजा फाटका निघाल्यामुळे उरलेले निम्मेही झाले, कारण दुसऱ्या दिवशी एका व्हिएतनामी आजींनी नव्या मोज्यांचे सहा जोड आणून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले. जानेवारीत त्या कॉरिडॉरमध्ये बुटांचे तीस-चाळीस जोड पडलेले असत, सगळे काळे आणि सगळे ओले. एकदा मी भलतेच बूट घालून थेट नोव्हायपर्यंत आलो. उजवा घट्ट होत होता आणि डावा सैल, यावरून त्या दिवशी चुकलेला मी एकटाच नव्हतो हे उघड आहे.

मामांनी कॉम्प्युटरना नावं ठेवली होती, आणि ती सगळी नागपूरच्या नातेवाइकांची. खूप आवाज करून सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायचं आणि शेवटी काम काहीच करायचं नाही, ती ‘आत्या’. सुरू व्हायला वीस मिनिटं, पण एकदा सुरू झाले की संध्याकाळपर्यंत हूं की चूं नाही, ते ‘अण्णा’. जरा काम सांगितलं की तापायची ती ‘धाकटी वहिनी’. या नावांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत प्रत्येकाच्या कपाळाला चिकटवलेल्या. मला वाटलं, परक्या माणसांना याचा काय पत्ता लागणार. पण नातं लावल्याशिवाय हाक मारणं हा ज्यांच्यात उद्धटपणा समजतात, त्यांना यात वावगं काय वाटणार? त्यांनी एवढंच विचारलं, की यांच्यात वयाने मोठं कोण? मामा म्हणाले, अण्णा. तेव्हापासून व्हिएतनाममधल्या सायगावच्या शाळेत गणित शिकवून आलेले थान मास्तर रोज आधी अण्णांपुढे किंचित वाकत आणि मगच आपल्या जागेवर बसत. अण्णांच्या आधी कोणाला सुरू करायचं नाही असा रिवाज पडला, आणि अण्णांना वीस मिनिटं लागत असल्यामुळे रोजचा वर्ग वीस मिनिटं उशिरा भरायला लागला. बाकीचे आधी चालू करू या का, असं केओने एकदा सुचवून पाहिलं. म्हाताऱ्या मंडळींचे चेहरे बघून तिने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला.

शिकवण्यात मात्र मामांची पहिले तीन महिने पार फजिती झाली. प्रत्येक पायरीला ते “समजलं?” असं विचारत आणि सगळा वर्ग हसून मान डोलवी. पुढच्या आठवड्यात माऊस कुठून धरायचा हेही कोणाला आठवत नसे. मास्तरांना ‘समजलं नाही’ म्हणायचं म्हणजे ‘तुम्हाला शिकवता येत नाही’ असं तोंडावर सांगायचं, मग ते कोण सांगणार? केओने हे उलगडून सांगितल्यावर मामांनी युक्ती काढली, की आपण मुद्दाम चुकायचं, म्हणजे विद्यार्थी टोकतील. त्या दिवशी त्यांनी तासभर सगळं उलटंच शिकवलं. फाइल उघडायची असेल तर आधी भिंतीतला प्लग काढा, इथपर्यंत मजल गेली. कोणी टोकलं नाही. सगळ्यांनी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात फाइल उघडा म्हटल्यावर अख्ख्या वर्गाने एकदम प्लग काढले. अण्णांसकट. त्या दिवशी अण्णा पुन्हा उठले ते चाळीस मिनिटांनी.

यावरचा उपाय शेवटी आत्याने दाखवला. एक दिवस ती खरोखरच बंद पडली. मामा तिच्यापुढे कपाळाला हात लावून बसले आणि सहज बोलून गेले, “आत्या इज नॉट फीलिंग वेल टुडे. व्हॉट टु डू?” त्यासरशी सगळा वर्ग उठून भोवती गोळा झाला. मास्तरांना ‘चुकलात’ म्हणणं वाईट, पण आजारी आत्याला बरं करण्यात कोणाचा आलाय अपमान? कोणी वायर हलवून बघितली, कोणी बटणं दाबली, आणि ज्यांना माऊस येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, त्या येर नावाच्या आजींनी पुढे होऊन आत्याला बंद करून पुन्हा सुरू करून दाखवलं. तेव्हापासून मामांनी शिकवणं सोडलं. ते रोज एकेका नातेवाइकाला आजारी पाडायला लागले. आज धाकट्या वहिनीला ताप, उद्या आत्याला विस्मरण, म्हणजे फाइल कुठे ठेवली तेच आठवत नाही. वर्ग हां हां म्हणता तयार झाला. फक्त एकदा देवळात मामा मला म्हणाले, “आत्याचं काही खरं नाही, फार तर आठवडा,” ते कोणीतरी ऐकलं आणि बातमी नागपूरला पोचली. खरी आत्या ठणठणीत होती. तिला बघायला अकरा नातेवाईक येऊन गेले, आणि प्रत्येकाने आणलेली मोसंबी तिने रागारागाने खाल्ली.

फोनवरून मदत करायची मामांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या सगळ्या भाषांमधलं त्यांना एकेकच वाक्य येत होतं, ते म्हणजे ‘जेवलात का?’ लाओत ‘किन खाव लेव बो’, व्हिएतनामीत ‘आन कम चुआ’. भेटल्यावर आधी हेच विचारायचं, ही त्या लोकांचीही रीत, आणि आपली तर आहेच. तेव्हा फोन आला की आधी जेवण. भात कसला होता, कोणी केला, सून अजून कामाला जाते का, असं सगळं केओच्या किंवा नातवंडांच्या मध्यस्थीने झाल्यावर मग कॉम्प्युटर. आमच्या ऑफिसात सपोर्टचा कॉल सात मिनिटांत संपवला की शाबासकी मिळायची. मामांचा कॉल सात मिनिटांत लोणच्यापर्यंतसुद्धा आलेला नसे. मी तसं बोललो, तर म्हणाले, “उपाशी माणसाला पासवर्ड आठवत नाही, जावईबापू.” त्यांचं स्वतःचं जेवण हाही एक तिढाच होता. मामा पक्के शाकाहारी, आणि केंद्रात रोज कोणी ना कोणी चिकट भात, कच्च्या पपईची कोशिंबीर असं काहीतरी घेऊन येई. “नो मीट, मामा, ओन्ली फिश सॉस,” असं दर वेळी प्रेमाने सांगितलं जाई. पहिले काही दिवस मामा अडले. मग त्यांनी स्वतःच निकाल दिला, “मासा मला दिसत नाही, मी माशाला दिसत नाही. मिटलं,” आणि पपई वाढून घेतली.

हे सगळं सांगितलं, पण मला खरं तर येर आजींविषयी सांगायचं आहे. येर आजी मोंग, म्हणजे लाओसच्या डोंगरात राहणाऱ्या लोकांपैकी. लढाईनंतर जीव घेऊन ही माणसं मोठी नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत आली. तिथून येर आजींना अमेरिकेने घेतलं. त्यांची थोरली बहीण माय, तिला फ्रान्सने घेतलं आणि पुढे दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या फ्रेंच गयाना नावाच्या मुलखात जंगल तोडून भाजी पिकवायला पाठवलं. दोघी बहिणींनी सत्तावीस वर्षं एकमेकींना पाहिलं नव्हतं. लिहायला दोघींनाही येत नव्हतं, म्हणून त्या कॅसेटवर बोलून त्या टपालाने पाठवत. इकडून एक गेली की तिकडून एक यायची. येर आजींच्या घरी बिस्किटांच्या डब्यांमध्ये त्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. कोणाला मूल झालं, कोणाचं डुक्कर मेलं, आईची आठवण कधी आली, सांगायचं असं काही त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं. २००६च्या उन्हाळ्यात आलेल्या कॅसेटमध्ये मायने सांगितलं, की माझे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतो, वर्षअखेरीपर्यंत काय बघायचं ते बघून घे. मला तुला बघायचंय.

येर आजींचे गुडघे गेलेले, आणि विमानाच्या तिकिटाचा विचारही त्यांच्या घरात कोणी केला नसता. केंद्रात त्यांनी कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. फक्त एक दिवस वर्ग संपल्यावर त्या मामांच्या शेजारी येऊन बसल्या आणि आत्याकडे बोट न दाखवता, हनुवटीने खूण करून त्यांनी केओला लाओ भाषेत काहीतरी विचारलं. केओने ते इंग्रजीत केलं, “आजी विचारताहेत, या आत्याला लांबचं दिसतं का?”

केओने हळूहळू विचारून बहिणीची सगळी हकिकत काढून घेतली, आणि त्या दिवसापासून मामा माणसांत राहिले नाहीत. त्यांनी चार वेबकॅम आणले, ते आत्याच्या डोक्यावर आळीपाळीने बसवले आणि येर आजींच्या जागी मला. “जावईबापू, जरा आजीसारखे बसा. खांदे पाडा. आणखी पाडा.” तीन रविवार मी खांदे पाडून आजी होऊन बसलो. तिकडे मायच्या मुलाने गावच्या शाळेतला कॉम्प्युटर मिळवला. त्याची पत्रं ई-मेलने, फ्रेंचमध्ये यायची. मामा ती यंत्राकडून भाषांतर करून घेत आणि उत्तरात वायरींच्या आधी जेवणाची चौकशी करत. शेवटी ऑक्टोबरातला एक रविवार ठरला. शाळा उघडून द्यायला तिथला शिपाई तयार झाला, पण दोनच्या गाडीने त्याला जायचं होतं. तिकडचं घड्याळ आमच्यापुढे एक तास. म्हणजे आमच्या हातात बारा ते एक, एवढाच वेळ. पुन्हा शाळा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि मायच्या डोळ्यांचा त्याहून नव्हता.

आणि मग मामांनी एक घोडचूक केली. आनंदाच्या भरात त्यांनी सगळ्यांना आमंत्रण दिलं. साडेअकरालाच साठ माणसं ठेवणीतले कपडे घालून हजर. भाताच्या टोपल्या आल्या, चहाची किटली आली, कॉरिडॉरमध्ये बुटांचा डोंगर झाला. बाराला पडदा थरथरला, निळा झाला, आणि आत्याने आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या कामात समोर एक वर्ग दिसायला लागला. तिथेही सगळा गाव लोटलेला! टाळ्या झाल्या. मग मोंग लोकांचे थोरले, ज्यांना सगळे मोठे आजोबा म्हणत, ते चाकांच्या खुर्चीत बसून पुढे झाले, कारण अशा वेळी आधी वडीलधाऱ्यांनी बोलायचं. त्यांनी तब्येती विचारल्या, पाऊस विचारला, भात विचारला. तिकडच्या थोरल्यांनी तितक्याच सावकाश उत्तर दिलं आणि इकडचा पाऊस विचारला. मग दुसरे वडीलधारे, मग तिसरे. थान मास्तरांचं त्या गावात कोणी नव्हतं आणि भाषाही वेगळी, पण त्यांना मागे ठेवलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता, म्हणून त्यांनी व्हिएतनामीत पाच मिनिटं भारदस्त भाषण केलं. एकाही माणसाला ते कळलं नाही, आणि दोन्ही खंडांतल्या लोकांनी मान डोलावली. एव्हाना साडेबारा होऊन गेले होते. मोठे आजोबा पुन्हा पुढे सरकले. अजून घराण्याचा इतिहास व्हायचा होता.

येर आजी अगदी मागच्या रांगेत होत्या. भरतकाम केलेलं जाकीट घालून त्या सगळ्यांना चहा देत होत्या. वयाने धाकट्या, त्यात बाई, त्यांची पाळी सगळ्यांच्या शेवटी. मामांनी घड्याळ दाखवून केओला खुणावलं. “आय कान्ट, मामा,” ती रडवेली होऊन कुजबुजली, “ते माझ्या आजोबांच्या वयाचे आहेत.” मामा येर आजींकडे गेले. आजींनी हसून “नेक्स्ट टाइम” म्हटलं आणि मामांना चहा दिला. तेवढ्यात पडद्यावर तिकडच्या थोरल्यांच्या खांद्यामागून एक म्हातारी पुढे वाकली. तिने डोळे बारीक करून चेहरा काचेच्या अगदी जवळ आणला आणि ती एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत काहीतरी शोधायला लागली. ते मामांनी पाहिलं.

मोठ्या माणसाला आडवं बोलताना मी मामांना कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही ते काही बोलले नाहीत. ते मोठ्या आजोबांच्या मागे गेले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आदराने धरली आणि ती खुर्ची, आजोबांसकट आणि चालू असलेल्या वाक्यासकट, ढकलत ढकलत दारातून बाहेर नेऊन बुटांच्या डोंगराशी उभी केली. आजोबा बोलायचे थांबले नाहीत, फक्त आवाज लांब लांब होत गेला. मामा परत आले, येर आजींच्या हातातली किटली काढून माझ्या हातात दिली, आणि त्यांना आणून आत्यासमोर बसवलं.

दोघी समोरासमोर आल्या आणि कोणी काही बोलेचना. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. “अरे बाप्पा, आवाज गेला!” मामा ओरडले. “जावईबापू, टेबलाखाली!” मी किटलीसकट शिरलो. वायरी सगळ्या जागच्या जागी. वर मामांचं हॅलो हॅलो चाललेलं. “मामा, साउंड इज फाइन,” केओ हळूच म्हणाली. खरंच होतं. सत्तावीस वर्षं त्या दोघी बोलतच आल्या होत्या. बघायचं तेवढं राहिलं होतं, ते त्या बघून घेत होत्या. मग तिकडे मायने हात उचलला, पुढे केला, आणि पडदा काळाठिक्कर पडला. “पिक्चर गेलं!” म्हणून मामा टेबलाखाली शिरले ते थेट माझ्या कपाळावर आपटले. दोघं डोकी चोळत बाहेर आलो, तर केओ तोंडावर बोट ठेवून उभी. “इट्स हर हँड,” ती म्हणाली. मायने आपला तळवा तिकडच्या कॅमेऱ्यावर ठेवला होता. त्या लोकांत कोणी कोणाच्या डोक्याला हात लावत नाही. थोरल्याने धाकट्याला आशीर्वाद देताना लावला तरच. येर आजी डोळे मिटून, मान खाली घालून त्या काळ्या पडद्याला कपाळ टेकवून बसल्या होत्या. एक वाजता लाइन तुटेपर्यंत तो हात तिथून हलला नाही. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “फार लागलं हो, जावईबापू,” ते कपाळ दाबून म्हणाले. माझंही कपाळ तितकंच दुखत होतं, आणि माझेही डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी मामा फळांची टोपली दोन्ही हातांत धरून मोठ्या आजोबांची माफी मागायला गेले. मी होतोच बरोबर. आजोबांनी टोपली घेतली, गंभीर चेहऱ्याने केओला काहीतरी सांगितलं. माझं भाषण अर्धं राहिलंय, असं ते म्हणत होते. मामांनी मांडी घातली आणि सव्वा तास मोंग भाषेतलं उरलेलं अर्धं भाषण ऐकलं. शेवटी आजोबांनी विचारलं, समजलं का? मामांनी हसून मान डोलावली.

मायचे डोळे नाताळच्या आधीच गेले. मला वाटलं, संपलं आता हे. पण महिन्या-दोन महिन्यांनी तो शिपाई शाळा उघडून द्यायचा आणि येर आजी यायच्या. आता त्या दोघी खूप बोलायच्या, हसायच्या, कधी भांडायच्याही. असंच दीड वर्ष गेलं. २००८मध्ये मला लांब दक्षिणेकडच्या कॅरी गावात नोकरी लागली आणि आमची बांधाबांध सुरू झाली. निघायच्या आधीच्या रविवारी मी केंद्रात गेलो, तर मामा नेहमीसारखे येर आजींना बसवून कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसत होते. मग त्यांनी एक टेबललॅम्प आणला, तो इकडून लावून बघितला, तिकडून लावून बघितला, गालावर सावली पडते म्हणून पुन्हा हलवला. शेवटी न राहवून मी मराठीत म्हटलं, “मामा, तिकडे तर काही दिसत नाही त्यांना. दिवा कशाला?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं रागाने कधी पाहिलं नव्हतं. “आजींनी केस विंचरलेत, जाकीट घालून आल्यात,” ते म्हणाले. “बहिणीसमोर बसायचं म्हणून आल्यात ना तयार होऊन? मग आपण अंधारात बसवायचं का त्यांना?” आणि मग पुन्हा नेहमीच्या आदराने म्हणाले, “जरा डावीकडे धरता का, जावईबापू?”

मी डावीकडे धरला. येर आजींच्या चेहऱ्यावर नीट उजेड पडला, त्यांनी जाकिटाची कॉलर सारखी केली, आणि तिकडे माय आजी भलत्याच दिशेला बघत हसल्या. घरी खोकी भरायची पडली होती, ही वाट बघत होती, पण त्या दोघींचं बोलणं संपेपर्यंत मी तो दिवा हलू दिला नाही.